तर्खडकरांची वाट : विद्यापीठाच्या इंग्रजीकडे मराठीतून

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत एक प्रश्न हटकून निघतो. पोरगी मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, पण कॉलेजातले इंग्रजी तिला झेपेल काय? घरातला एखादा वडीलधारा लगेच निवाडा देतो की पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालायला हवे होते. आई गप्प बसते. पोरगी त्याहून गप्प बसते.

हा प्रश्न आपल्या सीमाभागात आणि आपल्याच पिढीपुढे उभा राहिला, अशी आपली समजूत असते. वास्तविक तो दीडशे वर्षांहून जुना आहे. ज्यांच्या घराण्यात इंग्रजीचे अक्षर कोणी पाहिले नव्हते, अशा मुलांनी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षा दिल्या. इंग्रजीत प्रबंध लिहिले, निवाडे लिहिले, परदेशी पंडितांशी वाद घातले. ती माणसे त्या इंग्रजीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली, याचा शोध घेतला तर ती वाट मराठीतून गेलेली दिसते. आज ती वाट बुजत चालली आहे, म्हणून तिचा इतिहास मांडावासा वाटला.

आरंभ कोशापासून करावा लागतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून निघाला. तो मुख्यतः इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होता. पण कोश हे असे हत्यार आहे की दोन्ही बाजूंनी चालते. त्यापाठोपाठ १८४७ मध्ये मोल्सवर्थ आणि मेजर थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला आणि इंग्रजी वाचू पाहणाऱ्या मराठी मुलाच्या हातात प्रथमच एक भक्कम काठी आली. मधल्या काळात, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. शेजारी शेजारी दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. आपण त्याला पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून वंदन करतो आणि पुढे जातो. परंतु थोडे थांबून विचार करावा. एकच मजकूर दोन भाषांत डोळ्यांसमोर ठेवून वाचणे म्हणजे दर अंकागणिक एक पाठच होता. एका स्तंभातले वाक्य अडले की नजर शेजारच्या स्तंभात जाई. पोंभुर्ल्याहून मुंबईस आलेला हा तरुण पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाला, आणि चौतिसाव्या वर्षी गेला.

कँडीसाहेबांचे आणखी एक काम फारसे कोणाच्या लक्षात नसते. आपल्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत विरामचिन्हे जवळजवळ नव्हतीच. क्रियापद आले की वाक्य संपले असे वाचणाऱ्याने समजावे. कवितेत दंड असे, तेवढेच. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी कँडींनी मराठीत आणली आणि त्यांवर 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाची पुस्तिका लिहिली. मराठी मजकुरात स्वल्पविराम कोठे व का येतो हे ज्या मुलाला आधी कळले, त्याला लांबलचक इंग्रजी वाक्याचे सांधे हेरणे सोपे गेले असले पाहिजे. न्यायालयीन कागदपत्रांत स्वल्पविरामाची जागा बदलली तर जमीन कोणाची हे बदलू शकते. वकिलाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

याच दशकांत एक मोठा वाद झडला. १८४० साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे मत असे की पैसा थोडा आहे, तेव्हा थोड्यांनाच शिकवावे, आणि ते इंग्रजीतून. कर्नल जर्व्हिस यांचे मत नेमके उलट होते. त्यांनी मुंबईत मराठीतून गणित आणि इंजिनियरी शिकवून दाखवली होती, त्यासाठी पुस्तके मराठीत आणली होती. त्यामुळे त्यांचे बोलणे अनुभवाचे होते. बोर्डाचे एतद्देशीय सभासद जर्व्हिसांच्या बाजूला राहिले. नाना शंकरशेटांनी १८४७ मध्ये आपले मत लेखी नोंदवले. नाना इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईतल्या इंग्रजी शिक्षणाला त्यांच्याइतका हातभार लावणारे थोडेच. त्यांचे म्हणणे एवढेच की ज्ञान सर्व लोकांपर्यंत न्यायचे तर ते लोकांच्या भाषेतूनच जाईल.

पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी हा प्रश्न वादी-प्रतिवादीच्या पद्धतीने चालवला, असे मला नेहमी वाटत आले आहे. एक जिंकणार, दुसरा हरणार. दावा मुळात वाटणीचा होता. तो मालकीचा समजून चालवला गेला. त्या वेळची ती मांडणी अजून आपल्या घरांत चालू आहे. 'मराठी की इंग्रजी' असा प्रश्न ज्याने टाकला, त्याने निम्मा निकाल आधीच देऊन टाकलेला असतो.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानड्यांचे पहिले शिक्षण कोल्हापूरच्या मराठी शाळेत झाले होते. भांडारकर मालवणचे. या मुलांनी इंग्रजी कसे कमावले असेल याची कल्पना करताना आपण त्यांच्या अलौकिक बुद्धीचे कौतुक करून मोकळे होतो. बुद्धी होतीच, परंतु रीतही होती. भांडारकरांनी पुढे संस्कृत शिकणाऱ्या मुलांसाठी जी दोन पुस्तके लिहिली, त्यांत ती रीत उघड दिसते. थोडे व्याकरण, लगेच त्यावर आधारलेली वाक्ये, मग त्या भाषेतून या भाषेत आणि या भाषेतून त्या भाषेत भाषांतर. परकी भाषा आपल्या भाषेच्या मापाने मोजून घ्यायची आणि मग मापासकट परत करायची.

विद्यापीठात इंग्रजी लिहिणे म्हणजे केवळ शुद्ध लिहिणे नव्हे, हेही पहिल्याच तुकडीला कळले. रानड्यांनी विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली आणि ती इंग्रजांना गोड वाटेल अशी नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, असे चरित्रकार सांगतात. इंग्रजी शिकवणाऱ्यालाच त्या इंग्रजीतला युक्तिवाद झोंबला, म्हणजे विद्यार्थ्याला ती भाषा खरोखर आली होती.

पण त्याच सुमारास विद्यापीठाने एक गोष्ट केली आणि तिचे परिणाम लांबवर गेले. आरंभी परीक्षांना मराठीसारख्या देशी भाषा घेता येत. १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या काढून त्यांची जागा संस्कृतादी अभिजात भाषांना दिली गेली. कारण दर्जाचे दिले गेले. परिणाम असा की पदवीपर्यंत गेलेल्या मराठी मुलाला आपल्या भाषेत गंभीर विषयावर एक पान लिहिण्याचीही सक्ती उरली नाही. इंग्रजी पुस्तके घोकून उत्तरे उतरवणाऱ्या पदवीधरांची थट्टा त्या काळच्या मराठी लेखनात जागोजाग आहे, ती उगाच नव्हे. रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून झुंज दिली. एम.ए.ला मराठी आली, पण रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले.

विद्यापीठाने जे काढून टाकले ते बाहेरच्या मंडळींनी जमेल तसे भरून काढले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' चालवली आणि इंग्रजीत वाचलेला निबंध हा प्रकार मराठीत रुजवला. त्यांनी टिळक, नामजोशी यांच्यासह १८८० साली शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. मराठीचा एवढा अभिमानी माणूस, आणि शाळेच्या नावात इंग्लिश. आजच्या एखाद्या सभेत हे सांगितले तर कुजबुज होईल. त्या मंडळींना त्यात विसंगती दिसली नाही.

आगरकरांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे १८८८ चे पुस्तक मला या संदर्भात सर्वांत मोलाचे वाटते. सुधारक आगरकर सर्वांना ठाऊक. वाक्याची चिरफाड करणारे आगरकर थोड्यांनाच. वाक्याचे उद्देश्य कोणते, विधेय कोणते, मुख्य वाक्य कोणते, गौण कोणते, हे इंग्रजी व्याकरणात शिकवले जाणारे विश्लेषण त्यांनी मराठी वाक्याला लावले. याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एक साधे वाक्य घ्या : 'जो विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाला, तो वर्गात बसण्यास पात्र आहे, असे न्यायालयाने ठरवले.' इंग्रजीत हेच वाक्य शेपटाकडून चालू होते. आधी न्यायालय, मग ठरवणे, मग विद्यार्थी, आणि विद्यार्थी कोणता याचा खुलासा त्याच्या पाठीमागे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येऊन दार लावते. तिकडे ते उंबऱ्यातच उभे असते. 'जो-तो' ची जोडी मराठीत ज्याला नीट सोडवता येते, त्याला इंग्रजी वाक्याच्या पोटातले उपवाक्य कोठून कोठपर्यंत आहे हे सापडते. ज्याला मराठीतच सापडत नाही, त्याला इंग्रजीत कोठून सापडणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

ही वाट सर्वांना खुली होती असे मात्र म्हणता येणार नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. वरच्या शिक्षणावर सरकार पैसा ओतते आणि ज्यांच्या करातून तो येतो त्या बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहत नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. ते निवेदन इंग्रजीत आहे. शिडीची पहिलीच पायरी नसलेल्या माणसांच्या वतीने, शिडीवर चढलेल्यांच्या भाषेत केलेली ती तक्रार होती.

त्या पायऱ्या घरात बसून बांधल्याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेची तिन्ही पुस्तके करवून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी प्रतिशब्द कोणता, तो कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, याची सवय त्या पाठमालेने लागे. आजच्या शिक्षणशास्त्रात या भाषांतर-पद्धतीला नाके मुरडतात. संभाषण शिकवण्यास ती कमी पडते हे मलाही मान्य आहे. परंतु जो विद्यार्थी पुढे कोलंबियात अर्थशास्त्र शिकणार आणि लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणार, त्याला गप्पांच्या इंग्रजीपेक्षा तोललेल्या शब्दाची गरज होती. लंडनच्या परीक्षकांना त्या प्रबंधाचा सूर तीव्र वाटला. निष्कर्ष तसेच ठेवून त्यांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला आणि बाबासाहेबांनी तो तसा लिहून दिला. १९२३ मध्ये पदवी मिळाली. निष्कर्ष न हलवता केवळ सूर बदलणे हे परक्या भाषेतले फार वरचे काम आहे. ज्याच्या हातात एका अर्थासाठी चार शब्द असतात आणि चारींची वजने ठाऊक असतात, त्यालाच ते साधते. याच माणसाने त्याआधी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीतून काढले होते, हेही ध्यानात ठेवावे.

बडोद्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे बाबासाहेबांच्या अमेरिकेतील शिक्षणामागे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती आणि प्रांतिक अर्थकारणावरचा आपला ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला. हेच सयाजीराव एका गोव्याच्या माणसाच्याही पाठीशी उभे राहिले. धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळ येथे जन्मले. राज्य पोर्तुगीजांचे, त्यामुळे तेथे इंग्रजीचा वाराही कमी. शाळेतले शिक्षण तुटक आणि तेही मराठीतले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे भटकत त्यांनी संस्कृत आणि पाली मिळवली. इंग्रजी शाळेचा लाभ न झालेला हा माणूस १९१० मध्ये हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेला. सयाजीरावांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये दिले ते मराठी मुलखात राहून वर्षाला एक ग्रंथ लिहावा, या बोलीवर. कोसंबींनी बौद्ध धर्मावर मराठीत ग्रंथ लिहिले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि हार्वर्डच्या पंडितांबरोबर कामही केले. त्यांच्या इंग्रजीचा पाया मराठी आणि पाली या दोन भाषांत होता. विषय आधी पक्का, भाषा नंतर. ज्याला विषय येतो त्याला परकी भाषा निदान काय सांगायचे या बाबतीत अडवू शकत नाही.

हैदराबादची कथा निराळी. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. इंग्रजी सर्वांना सक्तीची. मराठवाड्यातून गेलेल्या मुलाला मराठीतून उर्दूत आणि तेथून इंग्रजीत असे दोन जिने चढावे लागत. मात्र उस्मानियाने एक काम आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांपेक्षा आधी केले : भाषांतर विभाग उभारून पाठ्यपुस्तके आणि परिभाषा तयार केली. मराठी मुलाच्या वाट्याला तो जिना परका आला, पण जिना होता.

आता एक खटला, कारण तो आपल्यासारख्या परराज्यातील मराठी माणसांशी थेट जोडलेला आहे. १९६० मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्याची शालान्त परीक्षा काही विषयांत मराठीतून उत्तरे लिहून उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात दाखल झाला. पहिले वर्ष पार पडले. पुढच्या वर्गात इंग्रजी माध्यमातच बसू द्यावे, असा अर्ज त्याने केला. गुजरात विद्यापीठाच्या नव्या नियमांनुसार माध्यम गुजराती किंवा हिंदी. इंग्रजीसाठी विद्यापीठाची परवानगी हवी. ती मिळाली नाही. परीक्षा इंग्रजीतून देण्यास मात्र मुभा देण्यात आली. म्हणजे उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी, पण इंग्रजीतून शिकवणाऱ्या वर्गात बसू नये!

प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. सहा न्यायमूर्तींच्या पीठात बहुमताचा निवाडा न्या. शहा यांनी लिहिला, न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत दिले. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. माध्यमाचा प्रश्न त्या दर्जाला जेथवर भिडतो तेथवर राज्याला त्यावर कायदा करता येत नाही. आणि विद्यापीठाच्या कायद्याने एकच भाषा लादण्याचा अधिकार विद्यापीठाला दिलेला नाही, असे बहुमताने ठरले. माध्यमविषयक वादांत हा निवाडा अजून उद्धृत होतो. त्यातला विद्यार्थी मराठी होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. परराज्यात राहणाऱ्या मराठी मुलाला प्रादेशिक भाषेच्या सक्तीत इंग्रजी हाच आडोसा वाटला, याचा अर्थ आपल्याला नीट कळतो. न्यायालयाने त्याला वर्गात बसण्याचा हक्क दिला. वर्गातले इंग्रजी समजण्याची सोय कोणतेही न्यायालय हुकूमनाम्याने करू शकत नाही.

आज आपल्या भागातला मराठी माध्यमाचा मुलगा पीयूसीला विज्ञान किंवा वाणिज्य घेतो तेव्हा पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी आणि समजावून सांगणे बहुधा कन्नडमध्ये. मराठी त्याच्या वहीतूनच नाहीशी होते. कन्नड शेजाऱ्याची भाषा आहे, ती यावी, तिचा मला आनंद आहे. अडचण अशी की ज्या भाषेत त्याची समज दहा वर्षे घडली, त्या भाषेशी इंग्रजीची गाठ घालून देणारे कोणी उरत नाही. मग तो व्याख्या पाठ करतो. बी.ए., एल्एल.बी.च्या पहिल्या वर्षी अशी मुले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना करार म्हणजे काय हे इंग्रजीत तोंडपाठ असते. मराठीत विचारले की ती गडबडतात. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश केला आहे, अर्थशास्त्रासारख्या अनेक विषयांचे परिभाषा कोश केले आहेत, संविधान मराठीत आहे. ही पुस्तके सीमेच्या अलीकडे किती ग्रंथालयांत आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन एकदा पाहावे. सभेच्या मंडपाला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात एका तालुक्याला ती पुरतील.

आमच्या कार्यालयात रविवारी सकाळी कायद्याची सहा-सात मुले बसतात. रीत तर्खडकरांचीच आहे. निवाड्यातला एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, वाक्याची उद्देश्य-विधेये पाडायची, मग पुस्तक मिटून तो मराठीत सांगायचा. दुसऱ्या रविवारी त्याच मराठीवरून इंग्रजीत लिहायचा आणि मूळ परिच्छेदाशी ताडून पाहायचा. 'नॉटविथस्टँडिंग'ने सुरू होणाऱ्या कलमांशी पहिले दोन महिने झटापट चालते. 'काहीही असले तरी' हा मराठी बांधा सापडला की ती कलमे एकदम शहाण्यासारखी वागू लागतात. गेल्या खेपेला आम्ही १९६२ च्या त्या निवाड्यातला वस्तुस्थितीचा भाग घेतला. खानापूर तालुक्यातली एक मुलगी तो मराठीत सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "सर, म्हणजे पेपर इंग्रजीत लिहायचा, पण इंग्रजीत शिकवतात तिथं बसायचं नाही? हे इंग्रजीत वाचलं तेव्हा मला खटकलंच नव्हतं." पुढच्या रविवारसाठी तिने न्या. सुब्बा रावांचे भिन्न मत मागून घेतले आहे.